क्रेडिट मिळणे आणि क्रेडिट वटणे

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्हाला दिलेला विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज, तेथे परीक्षा देऊन मिळवावयाचे क्रेडिट आणि ते विद्यापीठाच्या पदवीत कसे जमा होते, हा तो विषय. आपल्या वस्तीतल्या माणसाला त्याचे काय, असे कोणी विचारील. पण आज आपल्या सभासदांपैकी कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी, कुणाची सून तिकडे आहे. कोणी नोकरीनिमित्त गेले, कोणी लग्न होऊन गेले. त्यांतल्या काहींची पदवी इकडे अर्धवट राहिलेली आहे. त्यांचे आई-वडील आम्हाला विचारतात, "तिकडचे शिक्षण फार महाग आहे म्हणतात. कमी पैशांत पदवी पुरी करायचा काही मार्ग आहे का?"

मार्ग आहे, आणि तो सरळ, कायदेशीर मार्ग आहे. मात्र त्या मार्गावर पुष्कळ माणसांचे पैसे आणि त्याहून मोलाची वर्षे वाया जातात. ती का जातात आणि कशी वाचवता येतील, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आम्ही शिक्षणतज्ज्ञ नाही. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतले कारकून आहोत. तेव्हा बँकेच्या भाषेत सांगतो. पूर्वी खातेदार बाहेरगावचा चेक घेऊन काउंटरवर येत आणि चेक भरला म्हणजे पैसे जमा झाले असे समजत. आम्हाला दर वेळी सांगावे लागे, "काका, चेक हातात आला म्हणजे पैसे आले नाहीत. तो वटला पाहिजे." अमेरिकेतील क्रेडिटचे अगदी तसेच आहे. क्रेडिट मिळणे ही एक गोष्ट आणि ते पदवीत वटणे ही दुसरी. आजच्या भाषणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवावी.

क्रेडिट म्हणजे काय?

आपल्याकडे आपण वर्षे मोजत आलो. एफ.वाय., एस.वाय., टी.वाय. अमेरिकेत क्रेडिट मोजतात. आपल्याकडे आता त्याला श्रेयांक म्हणतात. आठवड्याला एक तास वर्ग आणि त्यासाठी घरी सुमारे दोन तासांचा अभ्यास, असे साधारण पंधरा आठवड्यांचे एक सत्र पार पाडले की एक क्रेडिट. नेहमीचा एक विषय तीन क्रेडिटचा असतो. चार वर्षांच्या बॅचलर पदवीला बहुधा १२० क्रेडिट लागतात, म्हणजे विषयांच्या हिशेबात चाळीस विषय.

हे १२० क्रेडिट एका ढिगात टाकायचे नसतात. त्याचे कप्पे असतात. पहिला कप्पा सामान्य शिक्षणाचा. त्यात इंग्रजी लेखन, गणित, विज्ञान, इतिहास, समाजशास्त्र असे विषय येतात. दुसरा कप्पा मुख्य विषयाचा आणि त्याच्या पूर्वतयारीचा. तिसरा कप्पा ऐच्छिक विषयांचा. शिवाय एक अट अशी की काही क्रेडिट वरच्या पातळीचे, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या योग्यतेचे असले पाहिजेत. प्रत्येक कप्पा भरला तरच पदवी. एक कप्पा ओसंडून वाहिला आणि दुसरा रिकामा राहिला तर पदवी मिळत नाही. पुढे जे नुकसान आपण पाहणार आहोत त्याचे मूळ या कप्प्यांत आहे.

पहिले दार : कम्युनिटी कॉलेज

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचे सार्वजनिक महाविद्यालय. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली निघालेले ज्युनियर कॉलेज हे यांतले सर्वांत जुने सार्वजनिक कॉलेज समजले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली अशा कॉलेजांचे जाळे देशभर पसरावे अशी शिफारस केली. आज त्या देशात अशी हजाराच्या आसपास कॉलेजे आहेत. प्रवेशाला मोठी गुणवत्ता यादी नाही. वयाची अट नाही. वर्ग दिवसाही भरतात आणि संध्याकाळीही. त्यामुळे दुकानात काम करणारा, ट्रक चालवणारा, घरी लहान मूल असलेली आई, असे सगळे तेथे शिकतात. आपल्या लोकांना ही कल्पना नवी वाटू नये. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवण्यात आले होते. शिकणाऱ्याच्या सोयीने शाळा उघडायची, ही दृष्टी दोन्हीकडे सारखीच.

फीचा फरक पाहा. २०२४-२५ या वर्षी सार्वजनिक दोन वर्षांच्या कॉलेजांची स्थानिक विद्यार्थ्याला पडणारी वार्षिक फी देशभरात सरासरीने सुमारे ४,०५० डॉलर होती. त्याच वर्षी राज्याच्या चार वर्षांच्या विद्यापीठांची त्या राज्यातल्या विद्यार्थ्यासाठीची सरासरी फी सुमारे ११,६१० डॉलर होती. राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा. म्हणजे पहिले ६० क्रेडिट कम्युनिटी कॉलेजात आणि उरलेले ६० विद्यापीठात केले, तर पहिल्या दोन वर्षांची फी जवळजवळ एक-तृतीयांशावर येते. शेवटी पदवी विद्यापीठाचीच मिळते.

दुसरे दार : परीक्षा देऊन क्रेडिट

काही विषय माणसाला आधीच येत असतात. वर्गात बसून पुन्हा तेच ऐकण्याऐवजी परीक्षा द्यावी आणि क्रेडिट घ्यावे, अशी तेथे सोय आहे. यांतील सर्वांत परिचित परीक्षा म्हणजे क्लेप. कॉलेज बोर्ड या संस्थेने ती १९६७ साली सुरू केली. आज तिचे ३४ विषय आहेत. समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, बीजगणित, कॅल्क्युलस, जीवशास्त्र, अमेरिकेचा इतिहास, आर्थिक लेखाशास्त्र, व्यवस्थापन वगैरे. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश या भाषा आहेत, मराठी नाही. बहुतेक पेपर दीड तासाचे असतात आणि संगणकावर द्यायचे असतात. गुण २० ते ८० या पट्टीवर मिळतात. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन ही संस्था अशा परीक्षा तपासून शिफारस करते. तिच्या शिफारशीनुसार ५० गुणांना क्रेडिट द्यावे. नापास झाल्यास तीन महिने थांबून तोच पेपर पुन्हा देता येतो.

परीक्षेची फी शंभर डॉलरच्या आसपास आणि केंद्राची फी वेगळी. तीन क्रेडिटचा विषय विद्यापीठात शिकायचा तर याच्या कित्येक पट पैसे पडतात. मॉडर्न स्टेट्स नावाची एक संस्था या परीक्षांच्या तयारीचे पाठ विनामूल्य देते आणि परीक्षेच्या फीचे व्हाउचरही देत आली आहे. डीएसएसटी ही याच धर्तीची दुसरी परीक्षा. ती मुळात सैनिकांसाठी निघाली, आता सर्वांना देता येते. शाळेत असतानाच द्यायची ए.पी. परीक्षाही याच कुळातली. ज्यांची मुले तिकडे हायस्कुलात आहेत त्यांनी तिची चौकशी शाळेतच करावी.

येथे काही जण विचारतात, "वर्गात न बसता मिळालेले क्रेडिट म्हणजे खरे शिक्षण आहे का?" आम्हा बँकवाल्यांना हा प्रश्न जवळचा आहे. दिवसा काउंटर सांभाळून, रात्री अभ्यास करून आमच्यातले कितीतरी जण जे.ए.आय.आय.बी. आणि सी.ए.आय.आय.बी.च्या परीक्षा देतात. तेथे हजेरीपट नसतो, पण अभ्यास खराच करावा लागतो. तसेच हे. मात्र एक गोष्ट कबूल केली पाहिजे. वर्गात शिक्षक भेटतो, लेखन तपासून मिळते, शिफारसपत्र देणारे कोणी ओळखीचे होते. ज्याला पुढे एम.ए. किंवा पीएच.डी. करायची आहे त्याने मुख्य विषयाचे पेपर परीक्षेने उरकू नयेत. इतर कप्प्यांतले विषय परीक्षेने करावेत, मुख्य विषय वर्गात बसून करावा, असे आमचे सांगणे आहे.

क्रेडिट अडते कोठे?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कम्युनिटी कॉलेजने क्रेडिट दिले, क्लेपने गुण दिले, पण पदवी देणारे विद्यापीठ ते क्रेडिट घेण्यास सरसकट बांधलेले नाही. अमेरिकेत हा निर्णय प्रत्येक विद्यापीठ स्वतः घेते. एकच परीक्षा एका विद्यापीठात सहा क्रेडिट देईल, दुसऱ्यात तीन आणि तिसऱ्यात काहीच नाही.

अमेरिकन संसदेच्या हिशेब तपासणी कार्यालयाने २०१७ साली यावर अहवाल दिला. २००४ ते २००९ या काळात ज्या विद्यार्थ्यांनी कॉलेज बदलले त्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट नव्या ठिकाणी धरले गेले नाहीत, असा त्यात अंदाज आहे. एका सार्वजनिक कॉलेजातून दुसऱ्या सार्वजनिक कॉलेजात जाणाऱ्यांचे नुकसान ३७ टक्के. नफ्यासाठी चालवलेल्या खाजगी कॉलेजातून सार्वजनिक कॉलेजात आलेल्यांचे तर ९४ टक्के. बँकेत शंभर रुपये भरावेत आणि पासबुकात सत्तावन्न दिसावेत, तशी ही गोष्ट. आणि यात सर्वाधिक पोळतो तो घरातला पहिला शिकणारा, कारण त्याला कानात सांगणारे कोणी नसते.

क्रेडिट अडण्याची कारणे एकेक करून पाहू.

पहिले कारण कप्प्याचे. विद्यापीठ क्रेडिट घेते, पण ऐच्छिक कप्प्यात टाकते. तो कप्पा आधीच भरलेला असेल तर ते क्रेडिट कागदावर दिसते आणि पदवीला उपयोगी पडत नाही. विद्यार्थी 'स्वीकारले' हा शब्द वाचून खूश होतो. त्याने विचारायला हवे, "कोणत्या कप्प्यात स्वीकारले?"

दुसरे कारण पातळीचे. कम्युनिटी कॉलेजचे विषय आणि क्लेपचे बहुतेक विषय पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पातळीचे धरतात. ते कितीही जमवले तरी वरच्या पातळीची अट त्यांनी भागत नाही.

तिसरे कारण मर्यादेचे. बहुतेक विद्यापीठे म्हणतात की ठराविक क्रेडिट, पुष्कळ ठिकाणी शेवटचे ३०, आमच्याकडेच झाले पाहिजेत. दोन वर्षांच्या कॉलेजातून आणि परीक्षेने जास्तीत जास्त किती क्रेडिट घेऊ, यालाही हद्द असते.

चौथे कारण गुणांचे. कॉलेजात विषय पास झाला तरी श्रेणी 'सी'च्या खाली असेल तर पुष्कळ विद्यापीठे तो धरत नाहीत. क्लेपलाही काही विद्यापीठे ५० पेक्षा अधिक गुण मागतात.

पाचवे कारण पुनरुक्तीचे. एकाच विषयाचे क्रेडिट दोनदा मिळत नाही. ए.पी. केली आणि क्लेपही दिली, तर एकच धरतात. वरचा विषय आधी झाला असेल तर त्याखालच्या विषयाची परीक्षा देऊन लाभ होत नाही.

सहावे कारण मान्यतेचे. कॉलेजला योग्य संस्थेची मान्यता नसेल, तर तेथील क्रेडिट नावाजलेल्या विद्यापीठात उभे राहात नाहीत. मोठ्या जाहिराती देऊन झटपट पदवीचे आश्वासन देणाऱ्यांकडे जाण्यापूर्वी मान्यता कोणाची, हे पाहिलेच पाहिजे.

आणखी एक बारीक गोष्ट. कम्युनिटी कॉलेजने क्लेपचे क्रेडिट आपल्या गुणपत्रकावर चढवले म्हणून पुढचे विद्यापीठ ते तसेच घेईल असे नाही. काही घेतात. काही मूळ गुण कॉलेज बोर्डाकडून पुन्हा मागवतात आणि आपल्या नियमाने तपासतात. हे गुण कॉलेज बोर्ड वीस वर्षे जपून ठेवते, म्हणून जुना पेपरही वाया गेला असे समजू नये.

एक हिशेब

समजा, महाराष्ट्रातील एक मुलगी एस.वाय.बी.ए. करून लग्नानंतर अमेरिकेला गेली. तिला लेखाशास्त्राची पदवी घ्यायची आहे. हुशार आहे, कष्टाळू आहे. कोणाला न विचारता तिने क्लेपचे पाच पेपर दिले : समाजशास्त्र, मानसशास्त्र, अमेरिकन शासन, अमेरिकेच्या इतिहासाचा पहिला भाग आणि ह्युमॅनिटीज. प्रत्येकी तीन, म्हणजे १५ क्रेडिट. कम्युनिटी कॉलेजात सोळा विषय केले, म्हणजे ४८. एकूण ६३ क्रेडिट हातात. अर्धी पदवी झाली म्हणून घरात पेढे वाटले.

मग विद्यापीठात अर्ज केला. ४८ पैकी एका विषयात श्रेणी 'डी', तीन क्रेडिट गेले. दोन विषय कार्यालयीन कामाच्या प्रशिक्षणाचे होते. त्यांना विद्यापीठात जोडीचा विषय नाही, सहा गेले. उरले ३९, अधिक परीक्षेचे १५, म्हणजे ५४ स्वीकारले गेले. पण परीक्षेच्या पंधरापैकी सामान्य शिक्षणाच्या कप्प्यात जागा नऊंनाच होती. बाकीचे सहा आणि कॉलेजातले नऊ असे १५ क्रेडिट ऐच्छिक कप्प्याकडे वळले आणि त्या कप्प्यात जागा होती सहाची. नऊ बाहेर राहिले. म्हणजे हातात ६३, स्वीकारलेले ५४ आणि पदवीला खरोखर उपयोगी ४५. राहिले ७५ क्रेडिट. सत्राला १५ धरले तर पाच सत्रे. सगळे वटले असते तर ५७ उरले असते आणि चार सत्रांत काम झाले असते.

हा हिशेब आम्ही समजावण्यासाठी मांडला आहे. प्रत्येकाचे आकडे वेगळे पडतील. पण नुकसान कोठून आले ते पाहा. मुलीच्या अभ्यासात खोट नव्हती. तिने विचारण्याचा क्रम उलटा ठेवला. आधी परीक्षा दिली, मग कॉलेज केले आणि शेवटी विद्यापीठाला विचारले. तिने प्रथम विद्यापीठ आणि पदवी ठरवली असती, लेखाशास्त्राच्या पदवीला सूक्ष्म आणि स्थूल असे दोन्ही अर्थशास्त्राचे पेपर लागतात हे पाहिले असते, ते क्लेपने चालतील का असे लेखी विचारले असते, तर तेवढेच कष्ट योग्य कप्प्यात पडले असते.

कायद्याचा आधार कोठे आहे?

काही राज्यांनी हे नुकसान ओळखून नियम केले आहेत. न्यू जर्सी राज्यात, जेथे मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, २००७ साली कायदा झाला. त्याखालच्या करारानुसार तेथील कम्युनिटी कॉलेजात ए.ए. किंवा ए.एस. ही दोन वर्षांची पदवी पूर्ण करून राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठात प्रवेश मिळाला, तर ती पदवी पहिल्या दोन वर्षांच्या ऐवजी धरली जाते. कॅलिफोर्नियात २०१० च्या कायद्याने हस्तांतरासाठी खास दोन वर्षांची पदवी निघाली. ती घेतलेल्यास कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत प्रवेशाची हमी आहे, आणि त्याच शाखेत पुढे गेल्यास आणखी ६० क्रेडिटमध्ये पदवी पुरी करता येते. शिवाय तेथे 'असिस्ट' नावाचे सार्वजनिक संकेतस्थळ आहे. कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कोणत्या सार्वजनिक विद्यापीठात कशाच्या जागी धरतात, हे त्यावर पाहता येते. फ्लोरिडात सार्वजनिक कॉलेजे आणि विद्यापीठे यांच्या विषयांना एकच सामाईक क्रमांकपद्धती आहे.

यातून दोन धडे घ्यावेत. एक, अशा राज्यात अर्धवट क्रेडिट घेऊन उडी मारण्यापेक्षा दोन वर्षांची पदवी पुरी करून जाणे बहुधा फायद्याचे. दोन, पदवीच्या नावातली अक्षरे नीट वाचावीत. ए.ए.एस. म्हणजे 'ॲप्लाइड' पदवी थेट नोकरीसाठी असते. वर सांगितलेली न्यू जर्सीची हमी ए.ए. व ए.एस. यांना आहे. एका अक्षराने फरक पडतो.

वयाने मोठ्या आणि अनेक ठिकाणचे तुकडे जमलेल्या माणसांसाठी काही खास संस्थाही आहेत. न्यू जर्सीतील थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी १९७२ साली आणि कनेक्टिकटमधील चार्टर ओक स्टेट कॉलेज १९७३ साली याच हेतूने स्थापन झाली. परीक्षेचे आणि इतर कॉलेजांचे क्रेडिट घेण्यात त्यांचा हात बराच मोकळा आहे. चाळिशीतल्या माणसाने तेथे विचारण्यास लाजू नये.

इकडून जाणाऱ्यांनी काय न्यावे?

आपल्याकडील अपुऱ्या पदवीचेही क्रेडिट तिकडे मिळू शकतात. त्यासाठी विषयवार मूल्यांकन करून घ्यावे लागते. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या संस्था ते करतात, पण आपले विद्यापीठ कोणाचे मूल्यांकन मानते हे आधी विचारावे, मग पैसे भरावेत. जाण्यापूर्वी प्रत्येक वर्षाची गुणपत्रके, विद्यापीठाचे सीलबंद ट्रान्सक्रिप्ट आणि शक्य असल्यास अभ्यासक्रमाची प्रमाणित प्रत मिळवून ठेवावी. सातासमुद्रापलीकडून येथल्या खिडकीवर रांग लावता येत नाही. म्हाताऱ्या बापाला हेलपाटे घालावे लागतात, हे आम्ही पाहिले आहे.

व्हिसाचेही पाहावे. एच-४ व्हिसावर गेलेल्या पती किंवा पत्नीला शिकता येते. नोकरीची परवानगी मात्र त्यांतल्या सर्वांना नसते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला पदवीपूर्व वर्गात सत्राला साधारण किमान १२ क्रेडिट वर्गातून घ्यावे लागतात. क्लेपचे क्रेडिट त्यात मोजत नाहीत. परीक्षेने क्रेडिट मिळाले म्हणून विषय कमी घेतले आणि त्यामुळे व्हिसाच अडचणीत आला, असे होऊ नये. कॉलेजातील परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याला विचारूनच पाऊल टाकावे.

आपल्याकडेही तोच प्रश्न

ज्यांना परदेशी जायचे नाही त्यांनी हे ऐकून सोडून देऊ नये. आपल्या देशात २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ साली ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. नाव बँकेचे आहे आणि काम जवळजवळ तेच आहे. एका संस्थेत मिळवलेले क्रेडिट खात्यात जमा राहतात आणि दुसऱ्या संस्थेत पदवीसाठी वापरता येतात. पैशाअभावी शिक्षण सुटलेल्याला ही मोठी सोय आहे. पण येथेही क्रेडिट जमा असणे म्हणजे हव्या त्या पदवीत ते चालणे नव्हे. क्रेडिट किती काळ वैध, पदवी देणाऱ्या संस्थेतच किती क्रेडिट झाले पाहिजेत, याचे नियम आहेत. प्रश्न तोच विचारायचा : वटेल का, आणि कोठे?

विचारावे कसे?

विद्यार्थी मित्रहो, शेवटी कामाचे सांगतो. हे वहीत लिहून घ्या.

१. आधी पदवी आणि विद्यापीठ ठरवा. एक न जमल्यास म्हणून दोन-तीन ठेवा. मग मागे मागे येत परीक्षा आणि कॉलेजचे विषय निवडा.

२. विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या माहितीपुस्तकात त्या पदवीचे सर्व विषय पाहा, आणि परीक्षेच्या क्रेडिटचा तक्ता शोधा. कोणती परीक्षा, किती गुण, किती क्रेडिट, कोणत्या विषयाऐवजी, हे त्यात असते.

३. सल्लागाराला किंवा रजिस्ट्रार कार्यालयाला ई-मेलने विचारा : "या पदवीत, या परीक्षेच्या इतक्या गुणांना, कोणत्या विषयाच्या जागी क्रेडिट मिळेल?" उत्तर जपून ठेवा. तोंडी उत्तरावर पैसे भरू नका. बँकेत आम्ही तोंडी सूचनेवर रक्कम वळती करीत नाही, तुम्हीही करू नका.

४. कॉलेजातल्या प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, म्हणजे सिलॅबस, जपा. क्रेडिट नाकारले गेले तर तो दाखवून फेरविचार मागता येतो. पुष्कळ विद्यापीठांत अशी दाद मागण्याची सोय असते. पहिला नकार हा शेवटचा नकार समजू नये.

५. दर सत्राच्या शेवटी आपला हिशेब लिहा : हातात किती, स्वीकारलेले किती, उपयोगी किती. तीन आकडे तीन रकान्यांत.

कम्युनिटी कॉलेजात पाऊल टाकणाऱ्या बहुतेकांची इच्छा पुढे विद्यापीठाची पदवी घेण्याची असते. प्रत्यक्षात सुमारे एक-तृतीयांश विद्यार्थी विद्यापीठापर्यंत पोहोचतात आणि सहा वर्षांत पदवी हाती येते ती शंभरांत सोळाच्या आसपास. गळतीची कारणे अनेक आहेत : नोकरी, मुलेबाळे, पैसा. ती सगळी विद्यार्थ्याच्या हातात नसतात. पण आधी विचारणे, लेखी घेणे आणि हिशेब ठेवणे, एवढे हातात असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि १९१५ साली तेथून एम.ए. झाले. त्या विद्यापीठात त्यांनी आपले विषय जाणीवपूर्वक निवडले आणि हाती असलेल्या थोड्या काळाचा पुरेपूर उपयोग केला. शिष्यवृत्तीची मुदत ठरलेली होती, वाया घालवायला एकही सत्र नव्हते. आपल्या घरांतली जी मुले आज तिकडे संध्याकाळच्या वर्गाला बसतात, त्यांच्याकडेही वाया घालवायला सत्र नाही. त्यांना पैसे पाठवणे आपल्यापैकी अनेकांना जमणार नाही. पण योग्य वेळी योग्य प्रश्न विचारायला सांगणे सर्वांना जमेल. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी आज रात्री फोनवर एवढेच विचारावे, "विद्यापीठाकडून लेखी घेतलंस का?"



जयभीम.